मधल्या बाटलीत काय घालू? सांगलीतल्या एका मेडिकलवालीचं उत्तर

“व्यायामाआधी शेवटचं कधी खाल्लंस आणि काय खाल्लंस?” कुणी येऊन “वर्कआउटच्या मधनं प्यायला काय हाय का मॅडम?” म्हणालं की मी आधी एवढंच विचारते. पोरं वैतागतात. त्यांना डबा हवा असतो आणि मी जेवणाची चौकशी करत बसते. पण बाटलीत काय घालायचं, मुळात काही घालायचं का, याचं निम्मं उत्तर त्या जेवणातच असतं.

विश्रामबागेत माझं मेडिकल आहे. आसपास जिम वाढत गेल्या तसे औषधांच्या फडताळाशेजारी प्रोटीनचे डबे ठेवावे लागले. ठेवते, विकते, स्वतःही घेते. चाळिशीनंतर वजनं उचलायला लागले तेव्हापासून. पण विकण्याआधी चौकशा करायची खोड आहे. नवरा म्हणतो, तुझ्या चौकशांनी गिऱ्हाईक पळतं. पळतात थोडे. मग तोच डबा ऑनलाइन मागवतात आणि लेबल वाचून द्या म्हणून माझ्याकडेच घेऊन येतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून टाकते.

दुपारी दोनला भाकरी, आमटी, उसळ, दही असं नीट जेवून तुम्ही संध्याकाळी सहाला जिमला गेलात, तर त्या जेवणातली प्रथिनं अजून पचत असतात आणि त्यांतली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते तुकडे, हळूहळू रक्तात उतरत असतात. असं मिश्र जेवण पचायला चार-पाच तास सहज जातात. अशा वेळी पाऊण-एक तासाच्या व्यायामात वरून अमिनोची पावडर पिऊन स्नायूंच्या पदरात फारसं काही पडत नाही. शिवाय व्यायाम चालू असताना शरीर पोटाकडचं रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळवतं, पचन मंदावतं. दुधातला घट्ट शेक मधेच प्यायलात तर तो पोटात डचमळत राहतो आणि स्क्वॉट मारताना घशाशी येतो. तेव्हा संध्याकाळी तासभर व्यायाम करणाऱ्या, दुपारी व्यवस्थित जेवलेल्या माणसाने मधे पाणी प्यावं. हे ऐकून चेहरे पडतात, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

पहाटेची मंडळी वेगळी. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पाच-साडेपाचला मैदानावर असतात, तालमीतली त्याच्याही आधी. रात्री आठला जेवलेलं, मधे आठ-नऊ तास कोरडे आणि वर नुसता चहा. यांच्या पोटात काहीतरी जायला हवं, आणि तेही हलकं. अर्धा-पाऊण तास आधी उठता येत असेल तर पाण्यात कालवलेला अर्धा ते एक स्कूप व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची पावडर, आणि एखादं केळं, एवढं पुरे. उठल्या उठल्या धावायलाच जायचं असेल आणि पोटात काहीच ठरत नसेल, तर मात्र मधे घोट घोट घेण्यासाठी ईएए, म्हणजे सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं असलेली पावडर, हा खरोखर उपयोगाचा पर्याय आहे. ती पचवायची नसते, थेट शोषली जाते, पोट जड होत नाही. सहा ते दहा ग्रॅम भरपूर झाली.

तिसरी तऱ्हा लांब पल्ल्याची. रविवारी दंडोबाच्या डोंगराकडे किंवा सागरेश्वरला सायकलवर जाणारे, दोन-दोन तास लढत करणारे पैलवान, फुटबॉलवाले. यांची गरज प्रथिनांची नसतेच फार. यांना साखर, मीठ आणि पाणी लागतं. सव्वा-दीड तासाच्या पुढे व्यायाम गेला की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, नाहीतर पाय जड होतात आणि डोकं भणभणतं. त्यासाठी परदेशी जेलच्या पुड्या मिळतात, महाग असतात. आपण तासगावच्या शेजारी राहतो. चाळीस ग्रॅम बेदाणा खिशात टाकलात तर तीसेक ग्रॅम कर्बोदकं झाली. लांब धावणाऱ्यांवर बेदाणा आणि खेळाडूंसाठीच्या गोळ्या यांची तुलना झालेली आहे आणि बेदाणा मागे पडलेला नाही. बाटलीसाठी एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि एक लिंबू. एप्रिल-मे मधे आपल्याकडे सकाळी नऊलाच अंगाचं पाणी पाणी होतं, तेव्हा हे मीठ विसरू नका.

इथे एक गोष्ट मधेच. ‘ओआरएस’ लिहिलेले गोड डबे बरीच वर्षं मेडिकलमधून विकले गेले. खरं ओआरएस जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असतं: लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. बाजारातल्या पेयांत साखर कितीतरी जास्त आणि क्षार कमी असायचे. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. जुलाब झालेल्या लेकराला द्यायचं पुड्यातलं ओआरएस आणि सायकलवाल्याचं गोड पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकाच्या जागी दुसरं नको.

आता डबे. जिममधे सर्वांत जास्त नाव ऐकू येतं बीसीसीएचं. “सर म्हनत्यात मधनं बीसीसीए घे, मसल तुटत नाही.” बीसीसीए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं, बहुतेक डब्यांत २:१:१ या प्रमाणात. यांतलं ल्युसीन हे स्नायू बांधायचं काम सुरू करायचा इशारा देतं, हे खरंच आहे. पण स्नायूचं प्रथिन बांधायला एकूण वीस अमिनो आम्लं लागतात आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. तुम्ही तीनच बाहेरून दिलीत तर उरलेली सहा कुठून येणार? आधीच्या जेवणातून, किंवा तुमच्याच स्नायूतून. गवंड्याला कामावर बोलावलं आणि वाळू-सिमेंट पाठवलंच नाही तर तो घरचीच भिंत पाडून विटा काढणार, तशी गत. दिवसभरात पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला बीसीसीएचा वेगळा फायदा होतो असं नीट दिसलेलं नाही. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं असं काही अभ्यास सांगतात. ते मी नाकारत नाही. आणि लिंबू-कलिंगडाच्या चवीमुळे माणूस पाणी जास्त पितो, हाही एक फायदाच. पण तेवढ्यासाठी हजार-बाराशे घालायचे का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी काउंटरवर कॅल्क्युलेटर काढून दाखवते. समजा व्हेचा एक किलोचा डबा २,७०० रुपयांना आहे आणि लेबलवर ३३ ग्रॅमच्या स्कूपमधे २४ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. म्हणजे किलोत साधारण ७२७ ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला पावणेचार रुपयांच्या आत. शेजारी बीसीसीएचा २५० ग्रॅमचा डबा १,२०० रुपयांना. दहा ग्रॅमच्या एका वेळच्या मापात पाच ग्रॅम बीसीसीए, बाकी चव, आम्ल, रंग. म्हणजे डब्यात १२५ ग्रॅम माल, ग्रॅमला साडेनऊ रुपयांच्या वर. आणि गंमत अशी की व्हेच्या त्या एका स्कूपमधे पाच-साडेपाच ग्रॅम बीसीसीए आधीच असतं, उरलेल्या सगळ्या अमिनोंसकट. म्हणून कुणी एकच डबा परवडतो म्हणालं तर मी डोळे झाकून व्हे सांगते. ज्याला मधे काही घेण्याचं खरं कारण आहे, त्यानेच ईएएकडे वळावं. बीसीसीए माझ्या यादीत शेवटी.

ईएए घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. नऊ नावं हवीत: ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, लायसीन, थ्रिओनीन, मिथिओनीन, फेनिलअॅलनीन, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन. आणि प्रत्येकापुढे वेगळा आकडा हवा. काही कंपन्या ‘अमुक ब्लेंड दहा ग्रॅम’ एवढंच लिहितात आणि आत काय किती ते सांगत नाहीत. असा डबा मी परत ठेवायला सांगते. काहींत ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन भरपूर आणि बाकीची सहा नावापुरती चिमूटभर असतात. तो बीसीसीएच, फक्त कपडे बदललेला. ल्युसीन दोन ते तीन ग्रॅम असावं. चव कडवट लागते, पाण्यात नीट विरघळत नाही, वर फेस येतो. त्यात फसवणूक नाही, ल्युसीनचा गुणच तो.

व्हेमधे तीन प्रकार दिसतील. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना उरणाऱ्या निवळीतून ते गाळून, वाळवून पावडर करतात. कॉन्सन्ट्रेट म्हणजे साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन, थोडी दुधातली साखर आणि चरबी शिल्लक. आयसोलेट म्हणजे नव्वदच्या आसपास, साखर जवळपास काढून टाकलेली. हायड्रोलायझेट म्हणजे आधीच तोडून ठेवलेलं, लवकर शोषलं जाणारं, कडू आणि महागडं. ज्याला दूध पचतं त्याने कॉन्सन्ट्रेट घ्यावं. दूध प्यायल्यावर पोटात गुडगुड होत असेल, वारा धरत असेल तर आयसोलेट. हायड्रोलायझेटसाठी जादा पैसे मोजावेत असं माझ्या काउंटरवर तरी मला कुणी दिसलेलं नाही. केसीन हळू पचतं. रात्री घ्यायला बरं, व्यायामाच्या मधे घ्यायला नाही. गेनर म्हणून मोठाल्या पिशव्या येतात, त्यांत बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेचाच भाऊ असतो. वजन वाढतं, पण केळं-दूध-शेंगदाण्याने ते याहून स्वस्तात वाढतं.

ग्लुटामिन या आणखी एका अमिनो आम्लाबद्दल दोनच वाक्यं. निरोगी माणसाच्या स्नायूंना त्याने फरक पडतो असं दिसलेलं नाही. भाजलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर ठरवतात.

क्रिएटिन हे अमिनो आम्लांपासूनच बनतं आणि त्याबद्दल विचारणारे रोज येतात, म्हणून सांगते. जड वजनं उचलणाऱ्याला याचा उपयोग होतो हे पुष्कळ अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. रोज तीन ते पाच ग्रॅम साधं मोनोहायड्रेट. व्यायामाआधी, मधे, नंतर, कधीही. वेळेने फार फरक पडत नाही, रोज घेण्याने पडतो. ते स्टेरॉइड नाही. मात्र ते चालू असताना रक्ततपासणी केलीत तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम ज्यावरून जोखतात तो आकडा थोडा वर दिसू शकतो. मिरजेच्या एखाद्या लॅबमधून रिपोर्ट आणून घाबरलेला पोरगा मला नवीन नाही. डॉक्टरांना आधीच सांगायचं, मी हे घेतो म्हणून. किडनीचा आजार असेल तर मात्र क्रिएटिन काय, प्रोटीनचा डबासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायचा नाही.

प्रोटीन एकूण किती, हे मुळात कुणी मोजतच नाही. आपल्या आयसीएमआर-एनआयएनचा, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचा, साध्या प्रौढ माणसासाठीचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यासाठी क्रीडा-पोषणातले लोक १.४ ते २ ग्रॅम सांगतात. सत्तर किलोचा, आठवड्यातून चार दिवस वजनं उचलणारा माणूस घ्या: त्याला शंभर-एकशेदहा ग्रॅम पुरे. आता आपल्याकडच्या शाकाहारी घरातलं ताट मोजू. चार ज्वारीच्या भाकरी पंचवीस ग्रॅमच्या आसपास, दोन वाट्या डाळ-उसळ पंधरा, अर्धा लिटर दूध सतरा, वाटीभर दही पाच. बासष्ट झाले. उरले चाळीस-पंचेचाळीस. पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत सव्वीस ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधे अठरा, मूठभर शेंगदाण्यात सात. अंडं खात असाल तर एकात सहा. यांतून भरलं तर डबा नकोच. कामाच्या रगाड्यात भरत नसेल तर एक-दीड स्कूप. २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत आयसीएमआर-एनआयएनने स्नायू कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात असंच म्हटलंय. माझं मत थोडं नरम आहे: खोट पडते तेवढीच डब्याने भरावी. ताट तसंच अर्धवट ठेवून डब्यावर डबे रिचवणाऱ्यांना ती सूचना मी वाचून दाखवते.

तालमीतले वस्ताद बदाम, दूध, तूप, थंडाई देत आले. हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात कुणी त्या खुराकाला नावं ठेवू नयेत, मीही ठेवत नाही. फक्त एवढंच, की थंडाईत प्रोटीनपेक्षा चरबी आणि साखर जास्त असते. पाच-सहा तास घाम गाळणाऱ्याला ती जिरते. एसीतल्या ट्रेडमिलवर अर्धा तास चालणाऱ्याने पैलवानाचा खुराक चालू केला की तीन महिन्यांनी पोट पुढे आणि कोलेस्टेरॉलची गोळी माझ्याकडून.

आता फसवणुकीचा भाग, इथे जरा थांबते. प्रयोगशाळेत सहसा प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने, दुधाच्या प्रथिनाला ६.३८ ने गुणतात. त्यामुळे स्वस्त नायट्रोजनवाली वस्तू मिसळली की कागदावर प्रोटीन वाढतं. २००८ साली चीनमधे दुधात मेलामाइन घालून हाच खेळ झाला होता आणि त्यात लहान मुलं दगावली. पावडरींत मेलामाइनऐवजी ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटिन अशा स्वस्त वस्तू घालतात. विषारी नसतात, पण व्हेच्या भावाने विकल्या जातात. पकडायचं कसं? घटकांच्या यादीत व्हेच्या नंतर लगेच ग्लायसीन किंवा टॉरीन दिसलं तर संशय घ्यायचा. अमिनोंचा तक्ता छापलेला असेल तर ल्युसीन बघायचं: पंचवीस ग्रॅम प्रोटीनमागे अडीच ग्रॅमच्या आसपास हवं, दोनच्या खाली असेल तर काहीतरी पातळ केलंय. ग्लायसीन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं. एक ग्रॅमच्या वर गेलं तर डबा खाली ठेवा. तक्ताच छापलेला नसेल तर कंपनीकडे त्या लॉटचा तपासणी अहवाल मागा. देणारे देतात. २०२४ मधे केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, त्यांतल्या २५ मधे लेबलवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं. नाव मोठं म्हणून विश्वास टाकायचा काळ गेला.

नकली डबा हा आणखी वेगळा रोग. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक चौदा आकडी असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघता येतं. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना असलाच पाहिजे. ‘मित्राचा मित्र दुबईहून आणतो’ या मालावर तो नसतो. स्क्रॅच कोड असेल तर तपासा, पण कोडवर सगळा भरवसा नको. कोड देणारं संकेतस्थळही खोटं असू शकतं, म्हणून पत्ता डब्यावरून नाही, कंपनीच्या मूळ ठिकाणाहून शोधा. एमआरपीच्या निम्म्या किमतीत मिळणारा डबा घेऊ नका. एवढा नफा आमच्या धंद्यात नसतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

आमच्या भागात जैन आणि लिंगायत गिऱ्हाईक पुष्कळ, त्यामुळे “हे शाकाहारी हाय न्हवं?” हा प्रश्न रोजचा. व्हे दुधाचं असलं तरी मोकळी अमिनो आम्लं कुठून आली हे बघावं लागतं. ती पूर्वापार पिसं, केस यांच्यापासूनही काढली जातात. हल्ली पुष्कळ कंपन्या मक्यावर आंबवण करून बनवतात. कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं असू शकतं. हिरवा ठिपका बघा, आणि आंबवण करून बनवलंय असं लिहिलेलं असेल तर तोच डबा निवडा. दूधही नको असणाऱ्यांनी वाटाणा आणि तांदूळ यांचं मिश्र प्रोटीन घ्यावं. तांदळात लायसीन कमी, वाटाण्यात मिथिओनीन कमी. दोन्ही मिळून भागतं. वरण-भातात आपण हेच करत आलो.

काही ‘एनर्जी’ लिहिलेल्या अमिनो पावडरींत शंभर ते दोनशे मिलिग्रॅम कॅफीन असतं. संध्याकाळी सातला ते प्यायलं तर रात्री बाराला त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगात शिल्लक असतं. मग झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागायला येतात. मी देत नाही, डब्याचं लेबल दाखवा म्हणते.

आणि एक मागणी येते ती अशी: आवाज खाली करून, दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात. जिममधे ते ‘पंप’साठी टोचून घेतात. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते, डोकं फिरतं. चिठ्ठीशिवाय ते कुठल्याच दुकानात मिळता कामा नये, आणि व्यायामासाठी अशी चिठ्ठी कुठला डॉक्टर देणार? सप्लिमेंट निवडण्याच्या लेखात हे यायला नको होतं, पण मागणारे त्याला सप्लिमेंटच समजतात.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी जपायचं. कुस्ती असो, वेटलिफ्टिंग असो, नाडाची, म्हणजे खेळातली उत्तेजकं पकडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, तपासणी झाली आणि नमुन्यात बंदी असलेलं काही सापडलं तर “डब्यातच होतं, मला माहीत नव्हतं” याने सुटका होत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. व्यायामाआधीच्या पावडरींत डीएमएए, हिजेनामाइन असली बंदी असलेली द्रव्यं निघालेली आहेत. अशांनी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असे शिक्के असलेली, लॉट लॉटने तपासलेलीच वस्तू घ्यावी आणि वापरलेल्या लॉटमधलं थोडं बाजूला काढून ठेवावं. तालमीतल्या पोरांना मी तर सरळ सांगते, दूध-अंडी-केळ्यावर भागतंय तोवर भागव.

औषधं चालू असलेल्यांसाठी, माझ्या धंद्यातलं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेता ना? मग पहाटेच्या व्यायामात व्हे प्यायलात तर त्यातल्या कॅल्शियमने गोळी नीट शोषली जात नाही. चार तासांचं अंतर ठेवा, किंवा गोळीची वेळ रात्री करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर तीही दुधाच्या पावडरीबरोबर नकोत. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्या ज्येष्ठांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगावंच. अमिनो आम्लं आणि ते औषध एकाच दारातून आत जायला धडपडतात आणि औषध मागे राहतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर रिकाम्या पोटी व्यायाम करूच नका, खिशात साखर ठेवा. अठराच्या आतल्या पोरांना घेऊन आई-बाप येतात, त्यांना मी डबा देत नाही, अंडी सांगते.

साठीच्या पुढच्या बायका सकाळी चालायला आणि हल्ली हलकी वजनं उचलायलाही येतात. यांना मधे काही नको. पण वय वाढतं तसं स्नायूंना जागं करायला एका वेळी जास्त प्रोटीन लागतं, म्हणून नाश्त्यात पंचवीस-तीस ग्रॅम बसवायचं. नुसत्या पोह्यांत ते बसत नाही. काकू, पोह्यांवर अंडं किंवा शेजारी वाटीभर पनीर.

डबा घरी आला की चमचा ओला घालायचा नाही, झाकण घट्ट, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच. दुधात किंवा पाण्यात कालवलेला शेक दोन तासांत संपवा. सांगलीच्या मे महिन्यात तो त्याच्याही आधी नासतो. नवीन वस्तूचा पहिला प्रयोग साध्या सरावाच्या दिवशी अर्ध्या मापाने करा, भरतीच्या मैदानी चाचणीच्या किंवा कुस्तीच्या दिवशी नाही. बिल आणि लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा. पोट बिघडलं, पुरळ उठलं, चवीत फरक वाटला तर डबा बंद करून तो फोटो आधी दुकानदाराला दाखवा, आणि तो दाद देत नसेल तर एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर टाका.